मोठी कुडी मातीची

सरकारी नोकराला जमीन नसते. असते ती क्वार्टरभोवतीची चार हात जागा, आणि तिच्यावरचा त्याचा हक्कही पुढचा बदलीचा हुकूम निघेपर्यंतचाच. असे असूनही परप्रांतात नोकरी करणाऱ्या आमच्या बांधवांपैकी इतक्या जणांना बागेचा नाद का असतो, हे एक कोडेच आहे. आमच्या एका वरिष्ठांना आंब्याची हौस होती. निरनिराळ्या प्रांतांत मिळून त्यांनी वीसएक कलमे लावली आणि त्यांतल्या एकाचाही आंबा त्यांच्या तोंडी लागला नाही. त्यांच्या जागी आलेल्याने मोहोर पाहिला, आणि फळे खाल्ली ती त्याच्याही जागी आलेल्याने. दुसरे एक स्नेही गुलाबाचे भक्त. त्यांच्या प्रत्येक बदलीत निम्म्या कुंड्या ट्रकमध्ये फुटत, आणि उरलेल्या निम्म्यांवरून घरात वादळ उठे. आम्ही या दोघांच्याही वाटेने गेलो नाही. आम्ही लसूण लावतो.

हे सांगितले की ऐकणारा हसतो. लसूण ही काय लावण्याची वस्तू आहे? तिला ना फुलांची शोभा, ना सावली. काव्यात तिला प्रवेश नाही, देवघरात नाही, आणि आषाढात कांदेनवमी झाली की पुढे चार महिने जुन्या वळणाच्या घरांत स्वयंपाकघरातही नाही. वैद्यकाच्या ग्रंथांनी तेवढी तिची बूज राखली. सहा रसांपैकी पाच रस तिच्यात आहेत आणि एका आंबट रसाने ती उणी आहे, म्हणून तिला 'रसोन' म्हटले गेले, अशी व्युत्पत्ती भावप्रकाशात दिलेली आहे. पाच रस असूनही नाव पडले ते नसलेल्या सहाव्यावरून! गोपनीय अहवाल वर्षानुवर्षे वाचलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

परंतु बदलीच्या नोकरीला लसणीइतके मानवणारे दुसरे पीक आम्हांस ठाऊक नाही. कोजागरी उलटून पहाटेचा गारवा जाणवू लागला की तिच्या पाकळ्या मातीत जातात, आणि साडेचार-पाच महिन्यांनी, होळी-पाडव्याच्या सुमारास, गड्डे बाहेर येतात. बदल्यांचे हुकूम बहुधा निघतात ते मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर. म्हणजे हुकूम हाती पडतो तेव्हा वाफा रिकामा असतो आणि पीक जुडी होऊन खुंटीला लटकलेले असते. बाग मागे टाकून जावे लागत नाही. ती काखोटीला मारून नेता येते.

ही अक्कल मात्र आमची नव्हे, आईची. वाईजवळच्या आमच्या गावी घरामागच्या परसात तिचे लसणीचे दोन वाफे असत. २००८ साली आमची दिल्लीस बदली झाली, आणि त्या दिवाळीला गावी गेलो असता निघताना तिने एक जुडी आमच्या पिशवीत घातली. वाळक्या पातीची वेणी घातलेली, टपोऱ्या गड्ड्यांची जुडी. आम्ही म्हणालो, "आई, दिल्लीत लसूण मिळते गं."

"मिळत असेल," आई म्हणाली. "ही खायला नाही दिली, लावायला दिलीय. मोठी कुडी मातीची, बारकी ताटाची. एवढे ध्यानात ठेव."

आम्ही पाकळी म्हणतो तिला आई कुडी म्हणे. मोठी ती पेरायची आणि बारकी ती खायची, असा तिचा दंडक होता. आम्ही दिल्लीस आलो आणि नेमके उलटे केले. सोलायला सोप्या म्हणून मोठ्या कुड्या फोडणीत गेल्या, आणि खाऊन उरलेल्या किडमिड्या कुड्या आम्ही नेताजीनगरच्या तळमजल्यावरील क्वार्टरमागे लावल्या. मार्चअखेर गड्डे निघाले ते सुपारीएवढे. जमिनीस दोष देऊन झाला, यमुनेच्या पाण्यास देऊन झाला. शेवटी आईला फोन केला. ती एवढेच म्हणाली, "मोठ्या तुम्ही खाल्ल्यात." पाचशे कोसांवरून तिने आमचे ऑडिट केले होते.

दुसऱ्या वर्षापासून तिच्या दंडकाप्रमाणे वागू लागलो. ज्या वाचकांच्या क्वार्टरला दोन हात जमीन आहे त्यांच्यासाठी ती रीत येथे लिहून ठेवतो. गड्डा फोडायचा तो लावणीच्या दिवशी किंवा फार तर आदल्या दिवशी. आधी फोडलेल्या पाकळ्या सुकतात. साल काढायची नाही. गड्ड्याच्या बाहेरच्या फेरीतल्या पाकळ्या मोठ्या असतात, त्या निवडायच्या. चपटा बूड खाली आणि शेंडा वर ठेवून दोन बोटे खोल, आणि दोहोंत चार बोटांचे अंतर. माती भुसभुशीत हवी, शेणखत जुने व कुजलेले हवे, आणि पाणी साचता कामा नये. आठदहा दिवसांत हिरवे कोंब वर येतात. मुळे उथळ असल्याने तण हळुवार हाताने काढावे लागते. थंडीत वाफा हिरवागार असतो, आणि त्या वेळी पात खुडण्याचा मोह होतो. चार-दोन पाती घ्याव्यात, पण हात आवरावा. पात जितकी जाईल तितका गड्डा बारीक.

खरी परीक्षा शेवटच्या महिन्यात. खालची पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडायचे. काढणीपूर्वीचे दोन-तीन आठवडे वाफा कोरडा ठेवला नाही तर गड्डे साठवणीत कुजतात. डोळ्यांदेखत पाने वाळत असताना हातातली झारी खाली ठेवणे आमच्या सौ.ला फार जड जाई. पाती वाळून माना टाकू लागल्या की खुरप्याने बाजूची माती सैल करून गड्डे उचलायचे, पातीला धरून ओढायचे नाहीत. धुवायचे नाहीत. पातीसकट आठदहा दिवस वाऱ्याच्या सावलीत पसरायचे, मग वेणी घालून कोरड्या, हवेशीर जागी टांगायचे. शीतकपाटात ठेवणारे फसतात. तेथल्या गारव्याने लसणीला लावणीचा हंगाम आल्याचा भास होतो आणि ती कोंब काढते.

असे दिल्लीत सहा हिवाळे गेले. वरच्या मजल्यावर एक गढवाली कुटुंब राहत असे. त्या भाभींना आमच्या घरच्या लसूणचटणीची चटक लागली होती, आणि दरवर्षी एक बरणी त्यांच्याकडे जाई. लावायला मात्र एक गड्डाही कधी दिला नाही. त्यांनी मागितला नाही, आणि आम्हांस सुचले नाही. २०१२ साली आईचे गुडघे फार दुखू लागले, म्हणून थोरल्या भावाने तिला पुण्याच्या फ्लॅटवर आणले. गावचे घर बंद झाले. घर बंद होणे म्हणजे वाफे बंद होणे, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात आम्हांस चेन्नईस जाण्याचा हुकूम झाला. जुडी अर्थात बरोबर गेली. तेथे जमीन नव्हती, गच्ची होती. नोव्हेंबरात कुंड्यांमध्ये कुड्या लावल्या. पात सुरेख आली. मार्चमध्ये उकरून पाहतो तो बहुतेक झाडांखाली काहीच नाही, आणि अकरा झाडांखाली एकेक गोल, गुळगुळीत गोळी. पाकळ्याच नाहीत! आमच्या कचेरीतले एक गृहस्थ कोडाईकनालकडचे होते. त्यांनी ती गोळी हातात घेतली आणि हसून म्हणाले, "साहेब, आमच्याकडे हे पूंडु डोंगरावर लावतात, समुद्राकाठी नाही." त्या डोंगरी लसणीला पुढे २०१८ साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. त्यांच्याकडून कळले ते असे: लसणीच्या पोटी पाकळ्या पडायच्या तर तिला आधी काही आठवडे थंडी सोसावी लागते, आणि मग दिवस व ऊब वाढावी लागते. थंडीच वाट्याला आली नाही तर ती दुभंगत नाही. सारे बळ एकाच गोळीत गोळा करून बसून राहते. लावणीपूर्वी महिना-दीड महिना कुड्या शीतकपाटात ठेवल्या असत्या तर कदाचित फरक पडला असता, हेही तेव्हाच कळले. ज्या गारव्यापासून साठवणीची लसूण जपायची, तोच लावणीच्या लसणीला हवा असतो.

आईला फोन केला. "आई, पाकळ्याच नाहीत गं. प्रत्येकाची एकच गोळी."

"एककळी झाली म्हण की! टाकू नकोस. आणि खाऊही नकोस. थंडीच्या मुलखात लाव, फुटेल ती."

"थंडीचा मुलूख आता आणू कुठून?"

"बदली होईलच की तुझी कधी तरी," आई म्हणाली.

त्या वर्षी आषाढ अधिक होता. निज आषाढात, आषाढी एकादशीला आठवडाही उलटला नव्हता, तोच आई गेली. फोन आला आणि आम्ही मिळेल त्या विमानाने पुण्यास पोहोचलो. दिवस झाल्यावर भावाबरोबर गावच्या घरी जाऊन आलो. परसात कमरेएवढे गवत माजले होते. स्वयंपाकघराच्या खुंटीला एक जुडी दिसली म्हणून हात लावला. ती नुसती वाळक्या पातीची वेणी होती. गड्डे आईने पुण्यास जाताना वाटून टाकले असावेत, की उंदरांनी नेले असावेत, कोण जाणे. भावास विचारले, "हिचे बी कुठे ठेवले आहे का?" तो म्हणाला, "अरे, आम्ही लसूण बाजारातूनच आणतो."

लसणीला बी धरत नाही. तिला क्वचित फूल येते, पण आपल्याकडच्या लसणीत त्याचे बीज होत नाही. कुडी हेच तिचे बीज. गव्हाचा दाणा हा आधीच्या गव्हाचा मुलगा म्हणावा. लसणीची कुडी ही मात्र मागल्या वर्षीच्या गड्ड्याचाच तुकडा असते, आणि तो गड्डा त्याच्या मागल्या वर्षीच्या. आजी सासरी आली तेव्हा तिने माहेराहून आणलेली लसूण आणि आई लावीत होती ती लसूण ही दोन रोपे नव्हेत. एकच रोप दरसाल मातीत जाऊन पुन्हा वर येत होते. आपल्या भाषेत कुडी म्हणजे देहही. हा अर्थ आईच्या मनात असेलसे आम्हांस वाटत नाही. पण त्या रिकाम्या वेणीपुढे उभे असताना आम्हांस तोच आठवला. एका वर्षी कोणी लावायचे विसरले, किंवा मोठ्या-बारक्या सगळ्याच खाल्ल्या, की हा देह संपतो. तो आता चेन्नईच्या आमच्या स्वयंपाकघरात एका टोपलीत, अकरा गोळ्यांच्या रूपाने उरला होता.

परत आल्यावर प्रथम टोपली पाहिली. दोन गोळ्या पोकळ होऊन दाबल्या गेल्या. नऊ राहिल्या. या एककळी लसणीला घरगुती औषधात मोठा मान असल्याने शेजारच्या आजीबाईंची गुडघ्यांसाठी मागणी आली होती. आम्ही जन्मात इतक्या तुसडेपणाने कोणाला नाही म्हटले नसेल.

ऑक्टोबर आला. बदलीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, कारण लसूण आमच्या सेवाज्येष्ठतेसाठी थांबणार नव्हती. पुढल्या हंगामापर्यंत नऊच्या नऊ गोळ्या सुकून गेल्या असत्या. थंडीचा मुलूख आमच्या ओळखीचा एकच होता, आणि त्या मुलखात ओळखीचे घरही एकच. आमची जागा सुटल्यावर वरच्या मजल्यावरच्या भाभी तळमजल्यावर उतरल्या होत्या. आमचा वाफा आता त्यांचा होता. कोणत्या गोळ्या पाठवायच्या यावर आम्हां उभयतांत एक संध्याकाळ वाद झाला. आमचे मन म्हणत होते की चांगल्या स्वतःजवळ ठेवाव्यात. सौ. म्हणाली, "मोठी कुडी मातीची ना?" माती आपली की परक्याची, हे आईने सांगितले नव्हते. मोठ्या सहा गोळ्या कापसात गुंडाळून, चार पानी सूचनापत्रासह, कुरियरने दिल्लीस गेल्या. पत्रातले शेवटचे वाक्य असे होते की कृपा करून यांतली एकही खाऊ नये.

उरलेल्या तीन आम्ही कुंडीत लावल्या. त्या नोव्हेंबरात चेन्नईत पाऊस सुरू झाला तो थांबेचना, आणि डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांत शहर पाण्याखाली गेले. आमची जागा दुसऱ्या मजल्यावर होती म्हणून जीव व सामान वाचले. पण वीज नव्हती, फोन नव्हता, आणि गच्चीवरच्या कुंड्यांत तिन्ही गोळ्या सडल्या. चार दिवसांनी फोन सुरू झाला तेव्हा आलेल्या पहिल्या काही फोनांत एक भाभींचा होता. घरात पाणी आले का, मुले बरी आहेत ना, खायला काही आहे ना, हे सारे विचारून झाल्यावर त्या हलकेच म्हणाल्या, "आणि भाईसाहेब, पाच उगवल्या. सहावी नाही आली." आम्हांस काय उत्तर द्यावे ते सुचेना. फोन सौ.च्या हाती दिला.

पुढल्या उन्हाळ्यात आम्ही रतलामला आलो, आणि जून महिन्यात कचेरीच्या कामासाठी दिल्लीस जाणे झाले. भाभींनी फडक्याची गाठ सोडली. आत चार गड्डे होते. टपोरे, पांढरे, प्रत्येकात दहाबारा पाकळ्या. ज्या गोळीला चेन्नईत दुभंगता आले नव्हते ती एका हिवाळ्यात भरल्या घरासारखी झाली होती.

"पाच उगवल्या होत्या ना?" आम्ही अनवधानाने बोलून गेलो, आणि लगेच शरमलो.

"एक मी ठेवून घेतला," भाभी म्हणाल्या. "खायला नाही, लावायला. तुमचे चार कुठे हरवले-बिरवले, तर तुम्हांला मागायला घर नको का?"

सहा वर्षे आम्ही त्यांना चटणीची बरणी देत होतो, आणि तेवढ्यावर स्वतःला उदार समजत होतो. ताटातले दिले, मातीतले दिले नाही. ते दिले असते तर गावच्या त्या रिकाम्या वेणीपुढे आमच्या पोटात जो खड्डा पडला तो पडला नसता. एकाच घरात ठेवलेले बी हे बी नव्हे, नुसती शिल्लक असते, हे हिशेबखात्यात हयात घालवलेल्या माणसाला एका शेजारणीने शिकवले.

रतलाम ही लसणीची राजधानीच म्हणावी अशी जागा. देशात सर्वांत अधिक लसूण मध्य प्रदेशात पिकते, आणि त्यातही मंदसौर, नीमच, रतलाम हा पट्टा अग्रेसर. तेथल्या काळ्या जमिनीत पाणी धरून राहू नये म्हणून आम्ही उंच गादीवाफा केला. आमच्या चाळीसएक कुड्यांची ती काळजी पाहून कचेरीतला मंदसौरकडचा चपराशी गालात हसे. २०१८ साली त्या बाजूच्या मंडईत भाव कोसळले, किलोला अवघे काही रुपये मिळेनात, आणि वाहतुकीचाही खर्च निघत नाही म्हणून शेतकऱ्यांनी माल टाकून दिला. "साहेब, तिकडे पोती फेकताहेत आणि तुम्ही कुड्या मोजता!" तो म्हणाला. त्याच्या घरचीही तीच कथा होती, म्हणून आम्ही गप्प बसलो. पुढे २०२४ च्या आरंभी तीच लसूण किरकोळ बाजारात किलोला चारशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा आम्ही जबलपुरात होतो. आमच्या जुडीचा भाव दोन्ही वर्षी तोच होता.

रतलाम सोडताना त्या चपराशाला दोन गड्डे दिले. जबलपूरला आल्यावर शेजारच्या बंगाली डॉक्टरीणबाईंना दिले. आता दर पाडव्याला वेणी घालून झाली की प्रथम लावायला द्यायचे गड्डे बाजूला निघतात, मग आमच्या वाफ्याचे, आणि राहतील ते फोडणीचे. नेताजीनगरची ती जुनी घरे पुनर्विकासात पाडली गेली. भाभींचे यजमान निवृत्त होऊन ते कुटुंब देहरादूनला गेले, आणि तेथे त्यांच्या अंगणात आईची लसूण आमच्याहून चांगली येते असे त्या कळवतात. आम्हांसही निवृत्तीला दोन वर्षे राहिली. पुण्याच्या फ्लॅटला जमीन नाही, एक सज्जा आहे. पण वीतभर खोल कुंडी लसणीला पुरते, आणि पुण्यात थंडी पडते.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे. आईच्या श्राद्धाच्या पानात लसूण चालत नाही. तिने आयुष्यभर जपलेली वस्तू तिच्याच पानात वाढता येत नाही, याची पहिल्या वर्षी फार खंत वाटली. यावर सौ.ने तोड काढली. श्राद्धापूर्वी काही दिवस कांदेनवमी येते. त्या संध्याकाळी जुडीतल्या बारक्या कुड्या सोलायला आम्ही दोघे बसतो. फार वेळ लागतो, बोटे चुरचुरतात, आणि चटणी होते ती वाटीभर. गरम भाकरीबरोबर ती आम्ही खातो.

मोठ्या कुड्या खुंटीवर असतात. कोजागरीला अजून तीन महिने असतात.